हजेरीच्या वहीतली पुस्तकं



अंकाचा संपादक दोस्त म्हणाला, वर्षभरात काय वाचलंस ते लिहून दे. महिन्यावार लिही. मी म्हणलं, बाबा रे, मी काय प्राध्यापक आहे का? जिनिंगमधी रुईच्या गाठी ढकलणारा माणूस. तर म्हणाला, म्हणूनच लिही.

महिन्यावार लिहायला मला अवघड नाही, कारण वही आहे. जिनिंगमधी मुकादम हजेरी मांडतो ती त्याची वही, आणि मी खोलीवर मांडतो ती माझी. त्याच्या वहीत माझे खाडे नेहमी दोन-तीन जास्ती भरतात, म्हणून मी माझी वेगळी ठेवायला लागलो. डाव्या पानावर दिवस, पाळी, उचल, कटलेले पैसे. उजवं पान रिकामं राहायचं. तिथं मी पुस्तकाचं नाव आणि कुठवर आलो तो पानाचा आकडा टाकायला लागलो. आज ती वही पुढं घेऊन बसलोय.

आधी एक सांगतो. माझी शाळा पाचवीला सुटली. म्हणजे शाळेनं मला सोडलं नाही, कोयत्यानं नेलं. आमच्या बीड जिल्ह्यात दसरा-दिवाळी झाली की ट्रका भरतात आणि माणसं कारखान्याला जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता. पोरगं त्या हिशेबात धरत नाहीत, पण ते नेल्याशिवाय भागत नाही. मागं ठेवायचं कुणापाशी? सहा महिने कोपीवर, सहा महिने गावात. अशी पाचवी मी दोनदा केली आन् दोनदा अर्धी राहिली. पुढचं वाचन मी ट्रॉलीच्या पाठीवर, साखरेच्या पोत्यावर आणि भेळीच्या कागदावर शिकलो. भेळ संपायच्या आधी कागद वाचून होत नसायचा, मग कागद चाटून वाचायचा. लहान्या भावाला वाटायचं मला लई भूक लागलीय.

तर वर्ष जानेवारीपासून धरतो.

एक जानेवारीला भीमा कोरेगावला गेलो होतो. मानवंदना झाली, परतताना पुस्तकांच्या पालाजवळ थांबलो. गर्दीत कुणी आपल्याला नावानं हाक मारावी तसं झालं. समोर पुस्तक होतं बाबुराव बागुलांचं, 'जेव्हा मी जात चोरली होती'. माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. मी इकडंतिकडं बघितलं. पुस्तक विकणारा आपलाच माणूस, पालातली सगळी माणसं आपलीच, आणि मी चोरासारखा उभा.

कारण मी जात चोरलेली होती.

अंबाजोगाईत जिनिंगपासून जवळ पडावी म्हणून मी खोली बघत होतो. एका गल्लीत खोली मिळाली. घरमालकानं आडनाव विचारलं. माझं आडनाव गावावरून पडलेलं, शेवटी 'कर'. त्यातून काही कळत नाही. मग त्यानं गाव विचारलं. गाव सांगितलं. मग म्हणाला, "म्हंजे पाटलाच्यातले का तुमी?" मी काही बोललो नाही. मान हलवली नाही, हो म्हणलं नाही, नाही म्हणलं नाही. नुस्ता गप बसलो. त्यानं माझ्या गप बसण्याचा त्याला पाहिजे तो अर्थ काढला आणि किल्ली हातात दिली. माझ्या आयुष्यात मी सगळ्यात महाग काही विकलं असेल तर ते तेवढं एक गप बसणं. भाडं दीड हजार.

पुस्तक घेतलं. एसटीत बसल्यावर पेपरचं कव्हर घातलं. खोलीत बाबासाहेबांची चार पुस्तकं आधीच होती, तीही पेपरच्या कव्हरातली. कुणी बघितलं तर वाटावं, पोरगं परीक्षेचा अभ्यास करतंय.

फेब्रुवारीत जिनिंगचा सीझन जोरात असतो. रात्रपाळी. हवेत रुईचे तंतू असे तरंगत असतात की लाईटच्या भोवती धुकं धरल्यावाणी दिसतं. नाकात, कानात, पापणीवर रुई. तोंडाला रुमाल बांधला तरी खोकल्यातून पांढरं निघतं. पहाटे तीनच्या चहाला पाऊण तास मिळतो. त्या पाऊण तासात, सरकीच्या ढिगाला पाठ लावून मी ती गोष्ट वाचली. ती 1963 सालच्या संग्रहातली. रेल्वेच्या नोकरीला परमुलखात गेलेला तरुण, खोली शोधतो, जात सांगत नाही. तो कविता करतो. आता सांगा! मीही कविता करतो. मला वाटलं कुणीतरी माझ्यावर पाळत ठेवून साठ वर्षं आधीच लिहून ठेवलंय.

तीन रात्री तीनदा वाचली. वहीत त्या महिन्याच्या उजव्या पानावर एकच नाव आहे, त्याच्यापुढं तीन काट्या. गोष्टीत त्याचं पुढं काय होतं ते इथं सांगत नाही. वाचली नसेल त्यानं वाचावी. एवढंच सांगतो की तिसऱ्यांदा वाचल्यावर मी खोलीवर गेलो तर मालकाच्या बायकोनं "रातपाळीहून आलाय लेकरू" म्हणून गरम भाकर-पिठलं आणून दिलं. बाई मनानं चांगली. त्यांच्याच माठातलं पाणी प्यायलो. घशाखाली उतरंना.

मार्चमध्ये महाडच्या सत्याग्रहाचा दिवस येतो, 20 मार्च 1927 चा. त्या आठवड्यात एका कार्यकर्त्या मित्रानं बाबासाहेबांचं 'वेटिंग फॉर अ व्हिसा' मराठीत केलेलं छोटं पुस्तक दिलं. पानं थोडी, पण मला पंधरा दिवस लागले. 1901 चा गोरेगावचा प्रवास आपण भाषणात लई वेळा ऐकलेला असतो. मसूर स्टेशन, बैलगाडी, सोबत जेवण आहे पण रात्रभर पाणी नाही. पण ऐकणं वेगळं आणि रात्री एकट्यानं वाचणं वेगळं. आपल्या मराठवाड्यातलाही एक प्रसंग त्यात आहे. 1934 साली बाबासाहेब आणि त्यांचे सहकारी वेरूळच्या वाटेवर दौलताबादचा किल्ला बघायला थांबले. रमजानचा महिना. प्रवासाची धूळ होती म्हणून हौदावर हातपाय धुतले, तर हौद बाटवला म्हणून लोक अंगावर धावून आले. शेवटी किल्ला बघायला मिळाला, पण संगं हत्यारी शिपाई. कशासाठी? ह्यांनी आत कुठं पाण्याला हात लावू नये म्हणून. आमची पोरं आज दौलताबादला सहलीला जातात, तोफेपाशी उभं राहून फोटो काढतात. त्या हौदाची गोष्ट त्यांना कुणी सांगत नाही.

मला हलवलं ते बडोद्यानं. 1917 साली बाबासाहेब परदेशात शिकून आले, बडोद्याच्या नोकरीवर गेले आणि राहायला जागा मिळंना. पारशी सराईत राहिले. तिथं पारशालाच ठेवायचं असा नियम, म्हणून वहीत पारशी नाव घालून राहिले. अकराव्या दिवशी दहा-बारा पारशी काठ्या घेऊन आले.

मी पुस्तक उलटं ठेवलं आणि बाहेर आलो. पहिल्यांदा बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. वाटलं, बघ, बाबासाहेबांनाही नाव बदलावं लागलं, तू कोण लागून गेलास? दोन दिवस ह्या समाधानात काढले. तिसऱ्या दिवशी कामावर, प्रेसमधून गाठ बाहेर पडताना डोक्यात आलं की सराईच्या माणसाला ठाऊक होतं हा पारशी नाही. आणि बाबासाहेबांनी ते अकरा दिवस स्वतःच्या हातानं लिहून जगापुढं ठेवले. माझा त्या खोलीतला चौदावा महिना चालू होता, आणि होळीची पुरणपोळी खाऊन वर तूप मागितलं होतं मी.

एप्रिल. उजवं पान कोरं आहे.

कोरं का आहे तेही सांगतो. 14 एप्रिलला अंबाजोगाईत मिरवणूक निघते, निळं आभाळ खाली आल्यावाणी. मी गेलो नाही. घरमालक बाजारात असणार, कुणी बघणार. मी आदल्या दिवशीच गावाकडं पळालो आणि गावच्या जयंतीत नाचलो. लेझीम खेळलो. रात्री कविता वाचली, टाळ्या पडल्या. कवितेत 'छाती काढून उभा आहे मी' असं काहीतरी होतं. ती कविता आता माझ्यापाशी नाही, चुलीत घातली.

मे महिन्यात जिनिंग बंद. मोंढ्यात हमाली मिळंल तेवढी. दुपारच्याला काम नसतं, तर एका वाचनालयात जाऊन बसायला लागलो. तिथल्या माणसानं सभासद व्हायला दोन ओळखीच्या माणसांच्या सह्या मागितल्या. माझ्या ओळखीच्या माणसांना सह्या येत नाहीत, अंगठे चालतील का, असं विचारलं तर तो हसला. बसून वाच म्हणाला. पंख्याखाली 'फकिरा' दोन दिवसांत वाचली. अण्णाभाऊ शाळेत दीड दिवस गेले असं सांगतात. म्हणजे माझी दोन अर्ध्या पाचव्या म्हणजे विद्यापीठच झालं! 1959 ची ही कादंबरी त्यांनी बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली. आपल्यात काही पोरं अण्णाभाऊंना 'ते लाल झेंड्याचे' म्हणून बाजूला सारतात. त्यांनी ते अर्पणाचं पान उघडून बघावं. मला स्वतःला फकिरा थोडा जास्तीच देखणा, जास्तीच शूर वाटतो. माझ्या ओळखीची शूर माणसं भेदरलेली असतात आणि तरी जातात. पण उपाशी माणसांसाठी धान्य लुटायला निघालेला माणूस वाचताना छाती भरून येते, ती मी अडवली नाही.

जून सगळ्यात मोठा महिना. मायबाप कारखान्यावरून आले होते, मी गावाकडं होतो. पावसाची वाट बघत सगळे बसलेले. बेबीताई कांबळे यांचं 'जिणं आमुचं' मी सोबत नेलं होतं. मायला वाचता येत नाही. मी तिला म्हणलं, ऐकतीस का. ती ज्वारी निसत होती, म्हणाली, वाच, माझे कान काय सुपात नाहीत.

रोज संध्याकाळी वाचायचो. पहिल्या दिवशी ती एकटी. तिसऱ्या दिवशी चुलती आली, शेजारच्या दोघी आल्या. पुस्तकात एक ठिकाण आहे, महाराच्या बाईनं लुगड्याचा काठ दिसू द्यायचा नाही, तो निऱ्यांत दडवायचा. मी वाचून पुढं गेलो तर मायनं थांबवलं. म्हणाली, "फिरून वाच." फिरून वाचलं. ती म्हणाली, "मपली आजी तसंच नेसायची. आमाला वाटायचं तिला नेसायचं कळंना म्हणून."

कुणीच काही बोललं नाही बराच वेळ. मग चुलती म्हणाली, ह्या बाईनं आपलं समदं उघडं केलं, हिला भ्या नाही वाटलं का? मी सांगितलं की फलटणला त्यांचं दुकान होतं, दुकानात बसून कागदाच्या तुकड्यावर त्या लिहायच्या, आणि नवऱ्याला कळू नये म्हणून कितीतरी वर्षं दडवून ठेवायच्या. पुस्तक आलं 1986 साली. बायका हसल्या. 'नवऱ्यापासून दडवून' हे त्यांना लगीच कळलं. अस्मिता, विद्रोह, प्रस्थापित असे शब्द मी भाषणात वापरतो तेव्हा ह्याच बाया जांभया देतात. बेबीताईंनी देवाच्या नावावर बाईचं काय केलं आणि आपल्याच माणसांनी सुनांचं काय केलं, हे लिहिलंय. ते वाचताना बा उठून बाहेर गेला. आपल्या चळवळीतल्या पोरांनी हे पुस्तक आधी वाचावं आणि मग स्टेजवर चढावं असं माझं मत आहे. कुणाला राग आला तर येऊ द्या.

शेवटचं पान झालं त्या रात्री मायनं विचारलं, "तिकडं खोलीवर तू नाव काय सांगतूस?"

मी म्हणलं, "नाव तेच सांगतो."

"आन् जात?"

"कुणी विचारत नाही."

माय म्हणाली, "काठ दडवायलास म्हण की."

ती ओळ मी वहीत लिहून ठेवली. जूनच्या पानावर पुस्तकाच्या खाली.

जुलैत पाऊस लागला, जिनिंगमधी मशीन दुरुस्तीचं काम मिळालं. एका रविवारी मुकुंदराजांच्या समाधीकडं गेलो. अंबाजोगाईला आद्यकवीचं गाव म्हणतात. 'विवेकसिंधु' शके 1110 चा, म्हणजे 1188 चा मानतात. विदर्भातली माणसं आंभोऱ्याचा हक्क सांगतात, ते त्यांचं भांडण. मी 'विवेकसिंधु' वाचायला घेतला, वीस-पंचवीस ओव्यांत दमलो. दासोपंतांनी तर ह्याच गावात कापडाच्या पासोडीवर ग्रंथ लिहिला. तेव्हा मनात आलं की ते कापड विणलं कुणी, कापूस वेचला कुणी. कापसाचा माणूस आहे, दुसरं काय डोक्यात येणार! 1188 आणि 'मूकनायक' निघाला ते 31 जानेवारी 1920. मधे चोखोबा आहेत, सोयराबाई आहेत, त्यांना विसरून चालणार नाही. पण सातशे वर्षं ह्या भाषेत आपण दाराबाहेर उभं राहूनच बोललो.

ऑगस्टमध्ये 'गोलपिठा' वाचला. 1972 चा. ढसाळांची मुंबई मला माहीत नाही, निम्मे शब्द कळले नाहीत. तरी मोठ्यानं वाचलं तर कळतं. रस्त्यावरचं भांडण परभाषेत असलं तरी कुणाचं काय चाललंय ते आपल्याला उमगतं, तसं. ते वाचून मी आठ दिवसांत अकरा कविता केल्या आणि अकराही फाडल्या. सगळ्यांत शिव्या होत्या. शिवी त्यांच्या जगण्यातून आलेली, माझी पुस्तकातून उसनी. आपल्या अंकाला येणाऱ्या निम्म्या कवितांचं हेच दुखणं आहे, संपादकानं हे वाक्य कापू नये.

सप्टेंबर. 'जातिसंस्थेचे उच्चाटन'. हे मी रोज एक पान ह्या हिशेबानं वाचलं. एखादं पान दोन दिवस. लाहोरच्या जातपात तोडक मंडळानं 1936 साली बाबासाहेबांना अध्यक्ष म्हणून बोलावलं. भाषण आधी वाचल्यावर त्यांची टरकली. हे काढा, ते बदला. बाबासाहेब स्वल्पविरामसुद्धा बदलायला तयार झाले नाहीत. परिषद झालीच नाही. भाषण त्यांनी स्वतःच्या पैशानं छापलं, दीड हजार प्रती, दोन महिन्यांत संपल्या.

मला स्वल्पविराम म्हणजे काय ते बघावं लागलं. छोटा ठिपका, शेपटीचा. तेवढासुद्धा बदलला नाही.

त्या रात्री मी पुस्तकांची पेपरची कव्हरं काढली. सगळी. फळीवर पुस्तकं उभी लावली, नावं बाहेर. बाबासाहेबांचा फोटो ट्रंकेत होता तो खिळ्याला अडकवला. आता दार वाजणार म्हणून जागा राहिलो. आणि मित्रांनो, काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशी नाही. आठ दिवस कुणी बघितलंच नाही. मला तर राग यायला लागला. दोन वर्षं जे दडवायला मी एवढं जिवाचं पाणी केलं, त्याच्याकडं बघायलासुद्धा कुणाला वेळ नव्हता!

ऑक्टोबरात मालकाची मुलगी आली, नववीतली. शाळेत वाचन स्पर्धा होती, दादा गोष्टीचं पुस्तक आहे का म्हणाली. तिनंच फळीवरून ओढलं. कुठलं ओढावं? बागुलांचं. मी म्हणलं, हे मोठ्या माणसांचं आहे. ती म्हणाली, मी मोठीच आहे. घेऊन गेली.

दोन दिवसांनी मालक आला. दारातच उभा राहिला. एरवी आत येऊन खाटेवर बसायचा, कापसाचा भाव विचारायचा. फोटोकडं बघितलं. मग म्हणाला, दिवाळीला पाहुणे येणार आहेत, खोली लागती. किती दिवसात सोडता? मी म्हणलं, परवा. जातीचं नाव त्यानं काढलं नाही. मीही विचारलं नाही. ह्या वेळचं गप बसणं दोघांचं होतं. काठ्या घेऊन कुणी आलं नाही. आजकाल पाहुणे येतात.

निघायच्या दिवशी डिपॉझिट परत दिलं, पै न् पै. फक्त हातात दिलं नाही. ओट्यावर ठेवलं. वर खडा ठेवला, नोटा उडू नयेत म्हणून. मालकीण आतल्या दाराशी उभी होती, डोळ्याला पदर लावून. ती कशासाठी रडत होती ते मला आजही सांगता येत नाही. मी गेल्यामुळं, का मला इतके दिवस जेवू घातल्यामुळं?

नोव्हेंबरात वस्तीत मित्राच्या घरी राहायला आलो. एका पत्र्याखाली सहाजण. वाचायला जागा नाही, दिवा लवकर जातो. सीझन सुरू झाला. पहाटेच्या चहाला आता मी मोठ्यानं वाचतो, 'बलुतं' चालू केलं. चौघेजण ऐकतात, त्यात एक परप्रांतातला आहे, त्याला मराठी अर्धी कळते पण उठून जात नाही. मुकादम म्हणाला, कागद नको इथं, आगीचं भ्या. रुईच्या ढिगात आगीचं भ्या खरंच असतं, ते मी नाकारत नाही. पण त्याच्या हातातल्या हजेरीच्या वहीला आग लागत नाही का, असं विचारल्यावर चौघं हसले. माझ्या नोव्हेंबरात त्यानं चार खाडे लावले.

डिसेंबरात घाटनांदूरला जाऊन गाडी धरली, दादरला गेलो. चैत्यभूमीच्या रांगेत रात्र काढली. सकाळी शिवाजी पार्कवर पुस्तकांच्या पालात फिरलो. 'आयदान' घेतलं, माय आणि चुलतीसाठी. 'अक्करमाशी' घेतलं. एका पालावर 'जेव्हा मी जात चोरली होती' दिसलं. हातात घेतलं, किंमत बघितली, खाली ठेवलं. विकणारा म्हणाला, घ्या की दादा, कमी करतो. मी म्हणलं, माझ्यापाशी आहे.

पोरीनं ते परत दिलेलं नाही. मी मागायलाही गेलो नाही. वहीत जानेवारीच्या पानावर त्या नावापुढं 'उसनं दिलं' असं लिहिलंय.